तीस तिसऱ्या, तीस वेळा

किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूतून पाण्याची बारीक चिळकांडी उडते. तिथं फावडं मारलं की तिसऱ्या सापडतात. त्यातली एक घ्यायची, कामाच्या टेबलापाशी जायचं, यादीतून माशाचं आमिष निवडायचं, होकार द्यायचा, हातोडीची ठकठक बघायची, आमिष तयार झाल्याचा आनंद बघायचा, बटण दाबायचं. मग दुसरी शिंपली. पुन्हा तीच यादी, तोच होकार, तीच ठकठक. एखादा दुर्मीळ मासा हवा असेल तर तीस-चाळीस आमिषं सहज लागतात, आणि तीस हवी असतील तर बरीच वर्षं हे सगळं तीस वेळा करावं लागायचं.

'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' हा निन्टेंडो या जपानी कंपनीचा, बेटावर वस्ती करायचा व्हिडिओ गेम २० मार्च २०२० रोजी आला. पाच दिवसांनी गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी आपल्याकडे टाळेबंदी सुरू झाली. भावाने आधीच्या दिवाळीत परदेशातून आणलेल्या निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर आम्ही तो खेळायला लागलो. आई स्वतः कधी खेळली नाही, पण सकाळी चहाच्या वेळी विचारायची, "काल लावलेलं झाड केवढं झालं?" बाहेर सगळं थांबलेलं असताना टीव्हीतल्या बेटावर एक झाड रोज थोडं थोडं वाढत होतं, हे आमच्या घराला त्या महिन्यांत किती लागत होतं ते मी विसरणार नाही. पुढे या खेळाच्या साडेचार कोटींहून अधिक प्रती खपल्या. हरण्या-जिंकण्याची टांगती तलवार नसलेल्या, घर लावायचं, झाडं लावायची, शेजाऱ्यांशी बोलायचं अशा ज्या खेळांना आता सगळे 'कोझी गेम' म्हणतात, त्यांचं नाव घरोघरी पोचवण्यात या बेटाचा मोठा वाटा आहे.

आणि पहिल्याच आठवड्यापासून खेळणारे विचारत होते, दहा आमिषं एकदम का बनवता येत नाहीत?

या प्रश्नाला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं. हा खेळ निवांत खेळायचा आहे, घाई असेल त्याने दुसरा घ्यावा, डिझायनरने हे मुद्दामच असं केलंय. हे उत्तर कंपनीपेक्षा खेळाचे चाहतेच जास्त देतात आणि प्रेमापोटी देतात. मीही त्यांच्यातलीच आहे. तरी मला ते पटत नाही.

लढाईच्या किंवा कसरतीच्या खेळात कठीणपणा हाच गाभा असतो. तिथं कुणी "मला त्रास झाला" म्हणालं, तर "तो व्हावा म्हणूनच केलंय" हे उत्तर निदान विषयाला धरून असतं. कोझी गेमने कबूल केलेली गोष्ट एकच आहे: इथला तुमचा तास बरा जाईल. मग तास कसा गेला हे सांगणारा खेळाडू खेळाच्या मूळ वचनाबद्दलच बोलत असतो. त्याला हेतू दाखवून गप्प करणं म्हणजे पंगतीत आमटी खारट झाली म्हणणाऱ्याला पाककृती वाचून दाखवण्यासारखं आहे. पाककृती बरोबर असेलही. आमटी खारट झाली आहे.

पण मला हेतू बाजूला टाकायचा नाही. उलट तो नीट वाचायचा आहे, कारण या खेळाचा हेतू खरोखर सुंदर आहे आणि त्याची गोष्ट बऱ्यापैकी जाहीर आहे. या मालिकेचा जनक कात्सुया एगुची चिबाहून क्योतोला निन्टेंडोत नोकरीला आला. घरचे लोक, मित्र, ओळखीची गल्ली मागे राहिली. आपली माणसं जवळ असणं म्हणजे काय असतं ते त्याला त्या एकटेपणात कळलं. पुढे स्वतःचा संसार झाला, पण कामावरून घरी यायला रात्र व्हायची. घरची मंडळी खेळ खेळत असत, तोही खेळत असे, पण एकत्र नाही. म्हणून त्याने असा खेळ कल्पिला की जो एकाच गावात वेगवेगळ्या वेळी येणाऱ्यांना एकमेकांच्या खुणा दाखवेल: मुलाने दिवसा झाड लावावं, बापाने रात्री ते पाहावं आणि चिठ्ठी ठेवून जावी. २००१ मध्ये जपानात निन्टेंडो ६४ वर मालिकेतला पहिला खेळ आला तेव्हा त्यात एका गावात चार जणांना राहता येत होतं. खेळातलं घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालत होतं, ते आजही तसंच चालतं.

ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवली की खेळातला संथपणा दोन ढिगांत आपोआप वेगळा होतो. आज लावलेलं झाड आजच फळ देत नाही. पुलाचे पैसे पुरे भरले की तो दुसऱ्या दिवशी उभा राहतो. हे मासे फक्त हिवाळ्यात दिसतात, ते फुलपाखरू फक्त संध्याकाळनंतर. घरासाठी बेटाचा कारभार बघणाऱ्या टॉम नूककडून घेतलेल्या कर्जाला व्याज नाही आणि मुदतही नाही. या सगळ्या वाट बघण्यात तुमच्याकडून काही मागितलं जात नाही. तुम्ही कन्सोल बंद करून भाजी निवडायला बसू शकता, झोपू शकता. उद्या परत यायला एक कारण मात्र शिल्लक राहतं. ही वाट बघणं खेळाच्या जन्माशी जोडलेलं आहे, कारण वेगवेगळ्या वेळी येणाऱ्या घरच्यांना एकाच दिवसात ठेवण्याचं काम तेच करतं.

आमिषाची तीस वेळची ठकठक मात्र तुम्हाला उठू देत नसे. ती तुमचा अंगठा मागायची आणि डोळे पडद्यावर खिळवून ठेवायची. त्यातून उद्यासाठी काही उरत नसे, शेजाऱ्याला दिसेल अशी काही खूण राहत नसे. वर या खेळाकडे असे कितीतरी लोक येतात ज्यांचे हात दुखतात, ज्यांना आजारपणात पडून राहावं लागतं, ज्यांना धावपळीचे खेळ झेपत नाहीत. निवांतपणाच्या नावाखाली त्यांच्याच बोटांना जास्त काम द्यायचं आणि तो हेतू आहे म्हणायचं, यात मला त्या हेतूचाच अपमान दिसतो.

हवं तेव्हा हे डिझायनर किती बारकाईने विचार करतात याचा पुरावा त्याच बेटावर आहे. टिमी आणि टॉमी यांचं दुकान सकाळी आठला उघडतं, रात्री दहाला बंद होतं. दुकान चोवीस तास उघडं ठेवा ही मागणी करणं सोपं होतं आणि ती मान्य करणंही. पण दुकान बंद होतं म्हणून तर गावात रात्र आहे असं वाटतं. मग उशिरा कामावरून येणाऱ्याने दिवसभराचे मासे कुठे विकायचे? त्याच्यासाठी दुकानाबाहेर एक पेटी आहे. माल तिच्यात टाकायचा, ऐंशी टक्के भाव मिळतो, पैसे नंतर जमा होतात. रात्र रात्रच राहिली आणि रात्रपाळी करणाराही उपाशी राहिला नाही. ही पेटी मला या खेळातल्या कोणत्याही सोन्याच्या कुऱ्हाडीपेक्षा मोलाची वाटते. (ती सोन्याची कुऱ्हाडही वापरून वापरून तुटते, हे जाता जाता सांगते.) एगुचीची उशिरा घरी येण्याची गोष्ट ऐकलेली असली की या पेटीत तीच गोष्ट दिसते.

मग त्याच खेळाने एकाच घरातल्या दुसऱ्या मुलाचं काय केलं, ते बघा.

एका स्विचवर एकच बेट. खेळाची दुसरी प्रत विकत आणली तरी दुसरं बेट मिळत नाही, त्यासाठी दुसरा कन्सोल लागतो. त्या एका बेटावर आठ जणांना राहता येतं, पण ज्याने पहिल्यांदा खेळ सुरू केला तो बेटाचा प्रतिनिधी होतो. पूल कुठे बांधायचा, कुणाचं घर कुठे हलवायचं, गोष्ट पुढे कशी सरकायची हे सगळं त्याच्या हातात. बाकीचे तिथं राहतात. एकाच वेळी दोघं-चौघं खेळायला बसले तर एक जण पुढारी आणि इतर मागे मागे. पडदा पुढाऱ्याबरोबर सरकतो. मागच्यांना स्वतःचे खिसे उघडता येत नाहीत आणि त्यांनी गोळा केलेल्या वस्तू थेट एका सामायिक पेटीत जाऊन पडतात. यावरून खेळ बाजारात आल्या आल्या मेटाक्रिटिक या खेळांना गुण देणाऱ्या संकेतस्थळावर शून्य गुणांच्या प्रतिक्रियांचा पूर आला. तशा पुराने गुण पाडणं मला आवडत नाही, कारण त्यात ज्यांनी खेळ धड सुरूही केलेला नाही असे लोक मिसळतात आणि ओरड मोठी होऊन मुद्दा हरवतो. पण मुद्दा खरा होता. "सगळ्यांनी एका बेटावर मिळून राहावं" हा हेतू त्या वेळी पुढे केला गेला. मिळून राहणं म्हणजे काय, हाच तर प्रश्न होता.

भातुकली आठवा. दोन बहिणी खेळायला बसल्या आणि थोरलीने ठरवलं की चूल माझी, बोळकी माझी, पाहुणे मी बोलावणार, तू फक्त जेवायला ये, तर धाकटी दहा मिनिटांत उठून जाते. भातुकलीला डिझायनर नसतो, त्यामुळे तिथं नियम लगेच बदलतो. आज तू आई हो. न्यू होरायझन्समध्ये धाकटीला ही सोयच नाही.

हे असं का झालं असावं याचं कारण मला वाईट हेतूत दिसत नाही, एका जुन्या निर्णयात दिसतं. पहिल्या खेळात चारही रहिवासी गावात बरोबरीचे होते. २०१२ च्या 'न्यू लीफ'मध्ये खेळाडू गावाचा महापौर झाला आणि एक जण इतरांच्या वर गेला. तो खेळ थ्रीडीएसवर होता, म्हणजे खिशातल्या यंत्रावर, जे बहुतेक एकाच मुलाचं असतं. तिथं महापौरकीने कुणाचं बिघडलं नाही. तीच रचना बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर आली तेव्हा ती भावंडांच्या मधोमध येऊन बसली. 'न्यू लीफ'ची सहदिग्दर्शिका आया क्योगोकू हीच न्यू होरायझन्सची दिग्दर्शिका आहे आणि तिच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या एका ठिकाणी एगुचीचा मूळ विचार संतापलेल्या पालकांना जास्त नीट कळला होता असं मी म्हणेन. हा खेळ घरच्या सगळ्यांचा आहे, हे त्यांनी मनावर घेतलं होतं.

टीकेचा मला जो उपयोग दिसतो तो हा. खेळाडूला यंत्राच्या पोटातलं कळत नसेल. बेटाची माहिती कुठे साठते, ती वाटून देणं किती अवघड आहे, हे त्याला सांगता येणार नाही, आणि ते सांगणं त्याचं कामही नाही. पण वचन कुठे मोडलं हे त्याला डिझायनरच्या आधी कळतं, कारण मोडलेल्या जागेवर तो रोज बसतो.

त्याच वसंतातलं आणखी एक उदाहरण अंड्यांचं. उत्तर गोलार्धातल्या बेटांवर १ ते १० एप्रिल या दहा दिवसांत चेरीची झाडं गुलाबी होतात. पाकळ्या उडतात, त्या जाळ्यात पकडायच्या, आणि आकाशातून तरंगत जाणारे फुगे फोडून पाकळ्यांपासून काय काय बनवायचं याच्या कृती मिळवायच्या. वर्षातून दहाच दिवस. २०२० मध्ये ईस्टर १२ एप्रिलला होता आणि त्याचा उत्सव खेळात १ एप्रिललाच सुरू झाला. मासा धरावा तर गळाला अंडं, दगड फोडावा तर अंडं, झाड तोडावं तर अंडं, आणि फुगा फोडला की त्यातही अंडं. चेरीच्या कृतींसाठी तळमळणारे लोक अंड्यांच्या ढिगात उभे होते. त्यांनी ओरड केली आणि उत्सव संपायच्या आत आलेल्या दुरुस्तीत अंड्यांचं प्रमाण कमी केलं गेलं.

इथं खेळाडू उत्सवाच्या विरोधात नव्हते. एका हेतूने दुसऱ्या हेतूचा गळा धरला होता. ऋतूची वाट बघायला लावणारा, तो आल्यावर हरखून जायला लावणारा खेळ हा, आणि त्यातला सर्वांत नाजूक ऋतू रंगीत अंड्यांखाली गाडला गेला होता. ओरडणाऱ्यांनी खेळाची बाजू घेतली होती.

उलटही घडतं आणि तेही मांडायला हवं. त्याच एप्रिलमध्ये बेटावरच्या बँकेने बचतीवरचं व्याज एकदम खाली आणलं. कन्सोलचं घड्याळ वर्षानुवर्षं पुढे ढकलून काही जण व्याजावर श्रीमंत होत होते, त्यावरचा तो उपाय दिसत होता. प्रामाणिकपणे पैसे साठवणाऱ्यांनाही झळ बसली. बँकेने सगळ्यांना पत्र पाठवलं, सोबत एक सतरंजी भेट दिली. तक्रारी आल्या, व्याज वाढलं नाही. मला तो निर्णय बरोबर वाटतो. दिवस सगळ्यांना सारखा मिळावा या पायावरच हा खेळ उभा आहे.

पण निन्टेंडोने घड्याळ बदलण्याची वाट बुजवली नाही. घाई असेल त्याने खेळाबाहेर जायचं, कन्सोलची तारीख बदलायची आणि परत यायचं. परतल्यावर गवत माजलेलं असतं, तारीख मागे नेली असेल तर साठवलेले शलगम सडलेले असतात. म्हणजे मागचं दार आहे, पण घराला वळसा घालून यावं लागतं. सणाच्या दिवशी हातात ड्यूटी असलेला माणूस त्या दाराने दुसऱ्या दिवशी आपला सण करू शकतो. हे दार पुढच्या अंगणात, मोठ्या बटणाच्या रूपात आलं असतं तर आईने सकाळी झाडाची चौकशी केली नसती. आम्ही ते रात्रीच वाढवून मोकळे झालो असतो.

म्हणून खेळाडू मागतील ते द्यावं, असं मी म्हणत नाही. संगीत नाटकांच्या काळात आपल्याकडे एकेका पदाला वन्स मोअर मिळत आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत लांबे. गाणं ऐकणाऱ्याचं समाधान झालं, ते खरंच होतं. नाटककाराने बांधलेला प्रसंग मात्र तिसऱ्या वन्स मोअरपर्यंत थंड झालेला असे. आनंद देणारी प्रत्येक मागणी कलाकृतीच्या भल्याची नसते, हे मराठी रसिकाला बाहेरून शिकवायला नको.

"आम्ही पैसे मोजलेत" हा युक्तिवादही मला दुबळा वाटतो. पैसे मोजून पुस्तक घेतलं म्हणून शेवट बदलून मिळत नाही.

आणि खेळाडूंना फक्त सोय हवी असते, हा समज तर साफ चुकीचा आहे. न्यू होरायझन्सवर जुन्या चाहत्यांची एक तक्रार अशी की शेजारी फार गोड झाले. सुरुवातीच्या खेळांत ते तिरसट असत, टोमणे मारत, दार लावून घेत. आता सगळे कौतुकच करतात, आणि तेच तेच बोलतात. ही मागणी सोयीच्या उलट आहे. अडचण द्या, भांडणारा शेजारी द्या, म्हणजे त्याच्या गोड बोलण्याला किंमत येईल. एकटेपणातून माणसांची ओढ ओळखणाऱ्या एगुचीच्या मनातलं गाव या तक्रारीत मला जास्त दिसतं.

मग डिझायनरने करावं काय? ब्रिस्बेनच्या विच बीम या स्टुडिओने २०२१ मध्ये आणलेल्या 'अनपॅकिंग'मध्ये मला एक उत्तर सापडलं. त्यात फक्त खोकी उघडायची आणि सामान लावायचं. १९९७ मधल्या लहान मुलीच्या खोलीपासून सुरू होऊन २०१८ पर्यंत तिची एकामागून एक घरं येतात, आणि संवाद नसताना तिचं आयुष्य कळत जातं. २०१० मध्ये ती प्रियकराच्या घरी राहायला जाते. त्याच्या वस्तूंनी घर भरलेलं असतं. तिची पदवी टांगायला भिंतीवर जागा मिळत नाही, कुठेही ठेवली तरी खेळ चूक दाखवतो. शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागते. त्या क्षणी जो अपमान जाणवतो तो डिझायनरने नियमातून लिहिलेला आहे. नियम काढला तर गोष्टच जाते. तरीही त्याच खेळाच्या सेटिंगमध्ये, सुलभतेच्या सोयींत, वस्तू कुठेही ठेवू द्यायचा पर्याय आहे. ज्याला चुकांच्या लाल रेषांनी घाबरायला होतं, ज्याला नेमकी जागा शोधणं जमत नाही, त्याने तो घ्यावा. हा खेळ बनवणाऱ्या रेन ब्रायर आणि टिम डॉसन यांनी आपला सर्वांत धारदार प्रसंग बोथट होण्याचा धोका पत्करला आणि खेळणाऱ्यावर विश्वास ठेवला. माझ्या ओळखीत ज्यांनी हा खेळ खेळला त्यांनी पदवी पलंगाखालीच ठेवली.

'स्टारड्यू व्हॅली'च्या एरिक बरोनचंही असंच. २०१६ मध्ये एकट्याने बनवून आणलेल्या त्या खेळात पहिल्या वर्षी लाल कोबी मिळणं फिरत्या गाडीवाल्या बाईच्या मालावर, म्हणजे नशिबावर होतं, आणि तो मिळाला नाही तर गावाचं समाजमंदिर त्या वर्षी पुरं होत नसे. २०२० च्या शेवटी आलेल्या १.५ आवृत्तीत त्याने नवा डाव सुरू करताना एक खूण करायची जागा दिली: पहिल्या वर्षी पूर्ण होईल याची हमी. खूण केली नाही तर नशीब जसंच्या तसं.

न्यू होरायझन्सला हे सुचायला बराच काळ गेला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये निन्टेंडोने ३.० या मोफत आवृत्तीची घोषणा केली तेव्हा तिच्यात एकाच वेळी अनेक वस्तू बनवण्याची सोय होती. झाडं त्यानंतरही एका रात्रीत वाढणार नव्हती, दुकान दहालाच बंद होणार होतं, पूल दुसऱ्या दिवशीच उभा राहणार होता. ठकठक कमी झाल्याने बेटाचा निवांतपणा कुठे गेला, असं विचारणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

त्याच आवृत्तीत स्वप्नातली बेटंही जाहीर झाली, मित्रांबरोबर मिळून सजवता येतील अशी. जागेपणीचं बेट मात्र एका कन्सोलवर एकच आहे. पूल कुठे बांधायचा ते आजही पहिला ठरवतो, आणि दुसरं भावंड त्याच्या मागे मागे चालतं.